कोरडं फडकं

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पंपांच्या कारखान्यात जोतीराम थोरातनं नाव ठेवलं नव्हतं असा माणूस शोधून सापडला नसता. गेटवरचा मानसिंग, तोही त्याच्यासारखाच पलटणीतून सुटून आलेला, पण त्याला हा 'झोपेचा सुभेदार' म्हणायचा. कॉम्प्युटर विभागाचे सबनीस साहेब पुण्याचे. पंख्याचं बटण दाबण्याआधीसुद्धा जाडजूड पुस्तक उघडून बघतील असा माणूस, म्हणून ते 'पोथीवाले'. जोतीराम ही नावं आडून ठेवायचा नाही. चहाच्या टेबलाशी, भरल्या माणसांत, मिशीवरून बोट फिरवत ठेवायचा, आणि ती चिकटायची. त्याला मात्र उलटून कुणी नाव ठेवलं नव्हतं. सगळे हवालदारच म्हणत, आणि तेही अदबीनं.

गाव कुंडल. विसाव्या वर्षी फौजेत गेला, सिग्नलमध्ये अठरा वर्षं वायरलेस आणि टेलिप्रिंटरवर काढली, हवालदार म्हणून सुटला. बायको रंगुबाई गावाकडं ऊस आणि म्हशी बघायची, आणि हा साताऱ्यात खोली घेऊन कारखान्यात वायरमन होता. शनिवारी संध्याकाळची एस. टी. धरायची, सोमवारी तांबडं फुटायला परत निघायचं. इस्त्रीची खाकी, पायात पॉलिश केलेले बूट आणि तोंडात सुपारी. फौजेबाहेरच्या जगाला काही कळत नाही, हे त्याचं मत फौजेतून सुटल्या दिवशी जे बनलं ते कायमचंच.

शहात्तर साली कारखान्यानं कॉम्प्युटर घेतला. घेतला म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठानं वापरून टाकलेला, कपाटाएवढा, घासाघीस करून आणला. सुट्या भागांचा साठा त्यावर ठेवायचा होता. त्याला चालवणारी जी आतली व्यवस्था होती तिचं नाव युनिक्स. ती सुरू करणं म्हणजे एक सोहळाच होता. पुढच्या पट्टीवर बारक्या बटणांची रांग. त्यातली ठरलेली वर, ठरलेली खाली करायची, मग दोन खटके दाबायचे. यंत्र शेजारच्या पेटाऱ्यातली डिस्क, म्हणजे माहिती साठवणाऱ्या फिरत्या थाळ्या, वाचायला लागायचं आणि टेलिप्रिंटरवर खटकन एक चिन्ह उमटायचं. त्यापुढं 'युनिक्स' असा शब्द टाइप केला की गडी जागा व्हायचा. सबनीसांना हे करायला पुस्तक लागायचं. जोतीरामनं चार दिवस मागं उभं राहून बघितलं आणि पाचव्या दिवशी बोटं अशी फिरवली की सबनीस पान शोधेपर्यंत टेलिप्रिंटर वाजलासुद्धा. त्या दिवसापासून मशीन रोज सकाळी हवालदारानं सुरू करायचं असा रिवाजच पडला. पगार वायरमनचाच राहिला, पण त्याला त्याचं काही नव्हतं. बायकोशी बोलताना चार शब्दांवर न जाणारा हा माणूस त्या मशीनबद्दल विचारलं तर तासभर बोलायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या खंडेनवमीला कारखान्यात दरवर्षीसारखी यंत्रांची पूजा झाली. लेथला कुंकू, क्रेनला झेंडूचा हार, मानसिंगच्या बंदुकीला हळद, अगदी वजनकाट्यापुढंही नारळ फुटला. कॉम्प्युटरच्या खोलीला मात्र सबनीसांनी कुलूप लावलं. आत कुंकवाचा कण जाता कामा नये, असा लेखी हुकूम. या एका बाबतीत जोतीरामला पोथीवाल्याचं म्हणणं पटलं. पटलं म्हणजे काय, त्यानं दिवसभर लेथवाल्यांची पाठ सोडली नाही.

"आरं, लोखंडाला कुक्कू लावून काय हुतंय रं?" तो हसायचा. "उद्या संडासाच्या टाकीला पन हार घाला. ती बी कामच करतीया की."

लेथवाले खाली मान घालून हसले. कुणाला वाईटही वाटलं असेल. जोतीरामला त्याची फिकीर कधीच नव्हती.

पण दुपारी प्रसाद घेऊन सगळे घरी गेल्यावर तो खोली बंद करायला आला तेव्हा त्याला कसंतरीच झालं. बाहेर सगळी यंत्रं नटून बसली होती आणि हे एकटं बोडकं. खिशात लाल कागदाची एक पुडी होती. नवरात्रात रंगुबाई औंधला यमाईच्या दर्शनाला जाऊन आली होती, तिथलं कुंकू तिनं नवऱ्याच्या खिशात घातलं होतं, खोलीतल्या देव्हाऱ्यात ठेवा म्हणून. जोतीरामनं दाराबाहेर एकदा बघितलं. मग डिस्कच्या पेटाऱ्याचं झाकण उचललं, मागं बिजागरीपाशी पत्र्याची एक बारीक कड होती, तिथं ती पुडी दिसणार नाही अशी खोचली, झाकण हलकेच टेकवलं आणि चोरासारखा बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या बुटांचा आवाज नको झाला होता.

दसऱ्याची सुट्टी झाली. गुरुवारी सकाळी त्यानं बटणं लावली, खटके दाबले, आणि काहीच झालं नाही. पट्टीवरचे दिवे एका जागी खिळून राहिले. टेलिप्रिंटर मुका. पुन्हा लावली, पुन्हा तेच. सबनीस पुस्तक घेऊन आले. मशीनला वीज होती, पंखे फिरत होते. फक्त पेटाऱ्यातल्या थाळ्या फिरत नव्हत्या आणि 'तयार' म्हणून जो दिवा लागायला हवा तो लागत नव्हता. डिस्कच फिरत नाही तर वाचणार काय, आणि वाचलं नाही तर जागं काय होणार?

"हवालदार, काय झालं असेल?" सबनीसांनी विचारलं.

आता खरं म्हणजे 'ठाऊक न्हाई' एवढं म्हणता आलं असतं. पण हे दोन शब्दांचं उत्तर जोतीरामच्या तोंडी कधी आलंच नव्हतं. दारात दगडाबाई झाडू घेऊन उभी होती. माणदेशातली बाई, बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा साताऱ्याला आलेली. रोजंदारीवर खोल्या झाडायची, हातात फडकं असायचंच.

"काय व्हायचंय?" जोतीराम म्हणाला. "ही बया वलं फडकं फिरवती सगळीकडं. पानी गेलं आसंल आत."

दगडाबाई पुढं आली. फडकं त्याच्यासमोर धरलं. "आवं हवालदार, हात लावून बगा की. खडखडीत कोरडं हाय. ह्या खोलीत मी कवाच वलं आनत न्हाई."

"तुज्या फडक्याला हात लावायला मी रिकामा न्हाई," जोतीराम म्हणाला आणि पाठ फिरवली.

सबनीसांनी तिला त्याच पावली घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. हवालदाराचा शब्द म्हणजे निकालच, चौकशी कसली डोंबलाची! नाव कमी करायचा कागद सोमवारी सबनीसांच्या सहीला यायचा होता.

शुक्रवारी मुंबईहून इंजिनिअर आला. मशीन आणून देणाऱ्या मध्यस्थानं पाठवलेला. टाय, चकचकीत बॅग आणि खोलीभर सुवास. जोतीरामनं पाच मिनिटांत त्याचं 'अत्तरदाणी' करून टाकलं. अत्तरदाणीनं आल्या आल्या खिडकीवरून बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"असल्या ठिकाणी कॉम्प्युटर ठेवतात?" तो सबनीसांना म्हणाला. मग जोतीरामकडं बघून, "हे कोण?"

"आमचे वायरमन."

"यांना जरा बाहेर थांबू दे."

जोतीरामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो बाहेर गेला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला, आणि अत्तरदाणीचं प्रत्येक पाऊल मनात तपासत राहिला. वीजपुरवठा मापला, बरोबर आला. तारा काढल्या, पुसल्या, लावल्या. बटणांच्या पट्टीमागची इलेक्ट्रॉनिक भागांची पाटी उपसून पुन्हा बसवली. एवढं आपणही काल केलंय, असं जोतीराम पुटपुटला. मग त्या माणसानं पेटाऱ्याचं झाकण उचललं. पुडी! अत्तरदाणीला दिसली तर? लेथवाल्यांना कळलं तर? तो पुढं झाला आणि झाकण आपल्या हातानं धरून उभा राहिला, बिजागरीकडं पाठ करून. "धरतो साहेब, तुमी बगा," असं आयुष्यात पहिल्यांदा नम्रपणे म्हणाला.

झाकणाच्या पुढच्या कडेला एक बारीक खटका होता. झाकण पुरतं बसलं की तो दाबला जायचा आणि तो दाबल्याशिवाय थाळ्या फिरायच्या नाहीत, कुणाचा हात आत सापडू नये म्हणून केलेली सोय. अत्तरदाणीनं वीज बंद करून तो बोटानं दाबला, मीटर लावला. "स्विच ठीक आहे," म्हणाला. मीटर ठीक म्हणाला म्हणजे ठीकच. झाकण लावल्यावर तो खटका दाबला जातो का, हे बघायचं त्याला सुचलं नाही. आणि जोतीराम झाकण हातात धरून उभा होता तो फक्त एवढ्याच काळजीत, की लाल कागद दिसू नये.

शनिवारी निकाल लागला. मोटर फिरवणारी पाटी ओलाव्यानं गेली. परदेशातून मागवावी लागेल. तीन महिने तरी जातील. सबनीसांचा चेहरा उतरला. जोतीरामला मात्र आतून बरं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. ओलावा! मुंबईचा माणूससुद्धा तेच म्हणाला. एस. टी.त खिडकीपाशी बसून तो कराडपर्यंत हेच घोळवत राहिला. दगडाबाईचं तोंड मधेच एकदा डोळ्यांसमोर आलं, पण त्यानं सुपारी कातरायला घेतली.

रविवारी कुंडलच्या घरात रंगुबाई दसऱ्याला नेसलेलं लुगडं ट्रंकेत ठेवत होती. त्याची पलटणीतली काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात अजून त्याचा नंबर.

"आवं, कडी लागंना झालीया. जरा बसा की वर," ती म्हणाली.

"आठरा वरसं लागली ह्या ट्रंकेची कडी. बर्फात लागली. तुज्याच हातनं तेवढी लागंना?" तो कुरकुरत झाकणावर बसला. कडी काही लागेना. त्यानं पुढून दाबलं, बुक्की मारली, कडी वाकवून बघितली.

"उटा बगू," रंगुबाईनं झाकण उघडलं आणि मागं हात घातला. "ह्ये बगा. लुगड्याचं एवढंसं टोक बिजागरीत घावलंय. मागं एवढंसं अडकलं म्हून फुडं बोटभर उगडं ऱ्हातंय. आन तुमी फुडनंच बुक्क्या घालताय."

जोतीरामनं बिजागरीवरून बोट फिरवलं. तोंडातली सुपारी तशीच राहिली.

"ती पुडी केवढी हुती गं?" त्यानं विचारलं.

"कसली?"

"यमाईच्या कुकवाची."

"आसंल की, पेराएवढी. का वं? देव्हाऱ्यात ठिवली न्हवं?"

"ठिवली," तो म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही. रंगुबाईला वाटलं पित्त झालं.

सोमवारी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत तो खोलीत शिरला. झाकण उचललं. पुडी खोचलेल्या जागेवरून घसरून बरोबर बिजागरीच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती, कागद चपटा झाला होता. त्यानं ती काढून खिशात टाकली आणि झाकण लावलं. 'खट' असा आवाज आला. दोन वर्षं झाकण लावताना ऐकलेला तो आवाज गेल्या चार दिवसांत एकदाही आला नव्हता, आणि हे त्याच्या कानांना, वायरलेसवर बर्फातल्या वादळात शब्द टिपणाऱ्या कानांना, कळलं नव्हतं! थाळ्या घुमायला लागल्या. 'तयार'चा दिवा लागला. बटणं लावली, खटके दाबले, टेलिप्रिंटर खटकन वाजला. त्यानं 'युनिक्स' टाइप केलं आणि मशीन जागं झालं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर कुणी नव्हतं म्हणून त्यानं येऊ दिलं.

तेवढ्यात सबनीस आणि त्यांच्यामागून बॅग आवरायला आलेली अत्तरदाणी दारात उभी. सबनीस टेलिप्रिंटरकडं बघतच राहिले.

"हवालदार! काय केलंत?"

आणि जोतीरामच्या आयुष्यातलं सगळ्यात गोड वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. "काय न्हाई साहेब. झाकनाचा खटका अडाकला हुता. मोकळा केला." मुंबईच्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. जोतीरामनं ते डोळे भरून बघून घेतलं. मग म्हणाला, "दगडाबाईला आता बलवा म्हनतो मी."

"का बरं?" सबनीसांनी हातातली फाईल उघडली. "खटका अडकला तो ओलाव्यानंच ना? तुम्हीच म्हणाला होतात. हा बघा, कागद तयार आहे."

"वलाव्यानं न्हवं," जोतीराम घाईनं म्हणाला. "धुळीनं."

"मग धूळ काढायची कुणी? झाडणाऱ्या बाईनंच ना?" सबनीसांनी पेनाचं टोपण काढलं.

पाणी म्हणावं तर तिचं, धूळ म्हणावी तर तिचीच. एवढं सरळ जोतीराम थोरातला कधी कुणी पकडलं नव्हतं, आणि पकडणाऱ्या पोथीवाल्याला आपण पकडलंय हे ठाऊकसुद्धा नव्हतं. गप्प राहिलं तर काय बिघडतं? मोठेपण त्याचं, मशीन चालू, आणि रोजंदारीची एक बाई, ती कुठंतरी दुसरीकडं लागेलच की. हा विचार त्याच्या मनात आला, पुरता आला. पण डोळ्यांसमोरून ते फडकं हलेना.

त्यानं खिशातनं पुडी काढली आणि त्या कागदावर, सबनीसांच्या पेनाखाली ठेवली. चपटी, लाल.

"ही अडाकली हुती. बिजागरीत. मी ठिवली हुती. खंडेनवमीला."

"तुम्ही?" सबनीस म्हणाले. "हवालदार, तुम्ही?"

आधी अत्तरदाणी हसली. मग सबनीसांना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जोतीराम सावधान पवित्र्यात उभा राहून ते हसणं संपायची वाट बघत होता. हसून झाल्यावर सबनीसांनी कागद फाडला. पुस्तकाशिवाय मशीन सुरू करणारा दुसरा माणूस नव्हता, म्हणून त्याला शिक्षा काही झाली नाही. "तिला आणायला मात्र तुम्हीच जा," एवढंच म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर झालं. लेथवाले चहाच्या टेबलाशी वाटच बघत बसले होते. एकानं उठून लवून विचारलं, "हवालदार, संडासाच्या टाकीला पुडी कुठल्या द्येवीची ठेवू?" गेटवरून जाताना मानसिंगनं टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला. "राम राम, पुडी हवालदार!" ते नाव चिकटलं. दुसऱ्यांना चिकटवलेल्या नावांपेक्षा जरा घट्टच चिकटलं.

गोडोलीच्या पलीकडं दगडाबाई पत्र्याच्या खोपटापुढं शेळीला पाला टाकत होती. त्याला बघून उठली नाही.

"मशीन लागलं," तो म्हणाला. "चूक माजी हुती."

"मी सांगितलं हुतं फडकं कोरडं हाय म्हून."

"व्हय."

"तुमी हात लावून बगितलं न्हाई."

"न्हाई."

तिनं उरलेला पाला तोडून शेळीपुढं टाकला. "उद्या येते," म्हणाली. त्यानं पुडीचं सगळं सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ते मला कशाला सांगताय? त्यात माजं काय?" आणि शेळीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. जोतीराम खोलीच्या दारात उभा होता. ती आत गेली नाही. एक शब्द न बोलता तिनं हातातलं फडकं त्याच्यासमोर धरलं.

"आसू दे, जा आत," तो म्हणाला.

ती हलली नाही. हात तसाच पुढं. आतून सबनीस बघत होते, मागून लेथवाले. शेवटी जोतीरामनं फडक्याला हात लावला, बोटांनी चाचपलं. मग ती आत गेली.

तिसऱ्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही. ती भांडली नाही, टोमणा मारला नाही, कुणाकडं त्याबद्दल बोललीही नाही. जोतीराम थोरात त्या कारखान्यात आणखी अकरा वर्षं होता. जुनं मशीन भंगारात गेलं, सबनीस पुण्याला बदलून गेले, पुडी हवालदार हे नावसुद्धा लोक विसरून गेले. दगडाबाई मात्र रोज सकाळी दारात थांबायची, फडकं पुढं धरायची, आणि त्यानं हात लावून बघितल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. ते रोज कोरडंच असायचं.